कृपया गाडीला हात लावू नये

आमच्या घरी स्पोर्ट्स कार होती आणि आमच्या घरात कोणालाही गाडी चालवता येत नव्हती.

हे वाचून आम्ही कोणी बडे लोक असू असा समज करून घेऊ नका. आम्ही वसईतल्या गिरीजचे वाडीवाले. केळी, नारळ, मांडवावरची भाजी आणि विहिरीवर एक पंप, एवढाच आमचा कारभार. घराण्यातला पहिला पदवीधर मी. (बी.कॉम., दुसरा वर्ग. बाबा गावभर 'पोरगा दुसरा आला' असं सांगत फिरले. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं होतं, की एवढं एक वाक्य दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं.)

गाडी आली ती शेजारच्या बंगल्यातून. मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर सुट्टीला तिथे येत. त्यांची बाग बाबा सांभाळत. डॉक्टर कायमचे मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी बंगला विकला, सामान वाटलं आणि गाडीची किल्ली व सही केलेले कागद बाबांच्या हातात ठेवून म्हणाले, "वामन, ही तुझ्याकडे राहू दे." पिवळी, बिनछपराची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी! ती त्या दिवशीही चालत नव्हती. वाडीतल्या माणसांनी ढकलत आणून आमच्या दारच्या शेडमध्ये लावली.

त्याच संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "हिच्यात बसवून तुला पापडीला तुझ्या बहिणीकडे नेतो की नाही बघ!"

आई दिवा लावायला आत गेली. पण तिनं ते लक्षात ठेवलं. हे जास्त धोक्याचं असतं.

मी शाळेत असताना दिलेलं हे वचन मी नोकरीला लागलो तरी शेडमध्येच उभं होतं. बाबांनी मेकॅनिक आणून पाहिले. प्रत्येक जण बॉनेट उघडून मान हलवायचा, बॉनेट बंद करून पुन्हा मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. कोंबड्यांनी मात्र गाडीचं सोनं केलं. उजव्या सीटवर त्या अंडी घालत आणि डाव्या सीटवर विश्रांती घेत. बाबांचा धीर सुटला नाही. दर नरक चतुर्दशीला पहाटे ते आधी गाडीला खोबरेल तेल लावून चोळत आणि मग स्वतः आंघोळीला बसत.

शेवटी एका वर्षी, गणपती गेल्यावर, आईनं निकाल दिला.

"दिवाळीपर्यंत ही चालली पाहिजे. नाहीतर भंगारवाला. उद्या पोराचं लग्न ठरवायला माणसं येतील आणि दारात हे खुराडं!"

"चालेल," बाबा म्हणाले.

"शब्द?"

"शब्द!"

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळे आता गाडीचं मरण जवळ आलं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आणि त्याच आठवड्यात मी पेपरात ती जाहिरात वाचली! पुण्याजवळच्या ज्या कारखान्यानं ही गाडी बनवली होती, तो अजून होता. अशा मोजक्याच गाड्या बनवून त्यांनी तो नाद सोडला होता आणि शेतीचे पंप बनवायला घेतले होते. आता मालकांच्या मुलानं ठरवलं होतं, की वडिलांनी बनवलेल्या गाड्यांपैकी ज्या सापडतील त्या कारखान्यात आणायच्या, मूळ होत्या तशा करायच्या आणि ज्याच्या त्याला परत द्यायच्या. तेही फुकट!

"फुकट म्हणजे लबाडी असेल," आई म्हणाली.

"अगं, आपल्या विहिरीवरचा पंप त्यांचाच आहे," बाबा म्हणाले. "कधी बंद पडला? असा पंप बनवणारा माणूस लबाड नसतो."

मी पत्र लिहिलं. (तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन पत्रांत मी 'आपला नम्र' पर्यंत पोचेतो गाडीचा उल्लेखच आला नव्हता.) उत्तर आलं ते कारखान्यातल्या कोणा पेंडसे साहेबांचं. मी ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'येत्या रविवारी येत आहे. गाडी आहे त्या स्थितीत पाहायची आहे. कृपया गाडीला हात लावू नये. धुऊ नये, पुसू नये. माझ्यासाठी जेवण करू नये. मी डबा आणीन.'

"डबा?" आईनं कपाळाला हात लावला. "पुण्याहून आमच्या दारात येणार आणि डब्यातलं खाणार?"

"लिहावं लागतं तसं," बाबा म्हणाले. "पाहुणा कधी लिहील का, माझ्यासाठी कोळंबी करा म्हणून?"

"म्हणजे जेवण करायचं."

"करायचंच!"

"मग गाडी धुवायची की नाही?"

इथे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एकच पदवीधर असला की असे प्रसंग येतात. मी पत्र पुन्हा वाचलं, घसा खाकरला आणि म्हणालो, "दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. जेवणाचं वाक्य जर शिष्टाचाराचं असेल, तर गाडीचंही शिष्टाचाराचंच असणार."

"बघा!" बाबा आनंदानं म्हणाले. "शिकल्याचा हा फायदा! अरे, गाडी माहेरी चाललीय. तिला अशी फाटक्या लुगड्यात दाखवली, तर ते काय म्हणतील? सासरी हाल केले म्हणतील!"

झालं. वसईत कोणी 'काही करू नका' म्हटलं, की माणसं पदर खोचतात. पण पुण्याचा माणूस 'काही करू नका' म्हणतो तेव्हा खरोखरच काही करायचं नसतं, हे आम्हाला कोण सांगणार?

पहिली आली शांताआत्या, बाबांची थोरली बहीण. तिला मिठागराकडच्या गावात दिली होती आणि घासायची वस्तू दिसली की तिच्या अंगात यायचं. "पानी आना, पानी! कोंबड्यांनी काय करून ठेवलाय! आनि राख आना चुलीतली!" दोन घागरी, चिंच, राख आणि नारळाच्या शेंड्यांची किशी घेऊन तिनं गाडीवर चढाई केली. बंपरची चकाकी दोन तासांत साफ निघाली आणि आतला तांबूस धातू दिसू लागला. "बघ, किती मळ होता!" आत्या म्हणाली. गाडीच्या नाकावर कारखान्याचं गोल पितळी चिन्ह होतं, ते घासताना तिच्या हातात आलं. ते इतकं लखलखीत निघालं, की तिनं ते आत नेऊन देवांत ठेवलं.

मग आले पास्कलकाका. पाचूबंदरला होड्या दुरुस्त करायचे, बाबांचे जुने मित्र. त्यांनी गाडीवर टिचकी मारून पाहिली.

"वामन, हिला गाडी कोन बोलला? ही तर होडीच हाय! फायबर!"

"तडे बुजतील का?"

"तडे? मी दर्यातल्या होडीचे तडे बुजवतो. तुझी तर कोरडी होडी!"

बाबांनी त्यांना तडे बुजवायला सांगितलं आणि ते वाडीत पाणी सोडायला गेले. मी नोकरीवर. संध्याकाळी परत येऊन पाहतो तर गाडी निळीभोर! वर दोन्ही बाजूंनी नारिंगी पट्टा! होडीचा उरलेला रंग वाया जाऊ नये, अशी पास्कलकाकांची भावना होती. शिवाय गाडीचं नाक वीतभर पुढे आलेलं!

"काका, हे काय?"

"नाक बसका होता. जरा टोक काढलाय. पानी कापायला बरा."

"अहो, ही रस्त्यावर चालणार!"

"मग वारा कापेल," पास्कलकाका शांतपणे म्हणाले आणि ब्रश घेऊन टोकावर झोकदार अक्षरांत नाव लिहू लागले. बिननावाची होडी त्यांच्या हातून कधी बाहेर पडली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'सुमन'. सुमन माझी आई. आई बाहेर आली, तिनं नाव वाचलं, "काहीतरीच!" म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. बाबांच्या चेहऱ्यावर असं तेज मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

आता सीट तेवढ्या राहिल्या. कोंबड्यांनी त्यांत काही शिल्लक ठेवलं नव्हतं. ही कामगिरी मी अंगावर घेतली. आमच्या ओटीवरच्या जुन्या सोफ्याच्या गाद्या काढल्या, करवतीनं कापल्या आणि गाडीत बसवल्या. मोठाल्या गुलाबांच्या कापडाच्या! बसून पाहिलं तर माझी छाती काचेच्या वर आणि गुडघे स्टिअरिंगच्या वर. अंबारीत बसल्यासारखं वाटत होतं. मला ते फार भारदस्त वाटलं.

रविवारी पेंडसे साहेब रिक्षातून उतरले. सडपातळ, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. बाबांनी हात जोडले. आत्यानं गूळपाणी पुढे केलं. पेंडसे साहेबांनी शेडकडे नजर टाकली.

"गाडी कुठे आहे?"

"ही काय!" बाबा अभिमानानं म्हणाले.

"ही होडी आहे."

"बघ, वामन!" पास्कलकाका म्हणाले. "मी काय बोललो?"

पेंडसे साहेब गाडीभोवती फिरले. नाकाच्या टोकाला त्यांनी बोट लावलं. बोट निळं झालं. गुलाबांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. बंपरपाशी ते खाली बसले आणि बसूनच राहिले.

"मी पत्रात लिहिलं होतं, हात लावू नका."

"हो, मिळालं पत्र," बाबा म्हणाले. "तुमचा मोठेपणा! पण म्हणून काय आम्ही तशीच दाखवायची?"

"हो!"

"अहो, तुम्ही आपलं म्हणालात..."

"मी आपलं म्हणत नाही. मी म्हणतो म्हणजे म्हणतो. इथे कारखान्याचं चिन्ह होतं, ते कुठे आहे?"

"देवांत," आत्या म्हणाली.

"कशात?"

"देवांत. गनपतीच्या शेजारी."

मी धावत आत गेलो आणि चिन्ह आणून दिलं. त्याला हळद-कुंकू लागलं होतं. पेंडसे साहेबांनी ते रुमालात धरलं आणि जेवायची वेळ झाली होती म्हणून ओट्यावर बसून डबा उघडला.

डबा उघडला! आमच्या घरात कोळंबीचं कालवण, पाहुणा शाकाहारी निघाला तर असावी म्हणून केळफुलाची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या आणि खीर तयार असताना! आईनं ताट आणून समोर ठेवलं.

"नको," पेंडसे साहेब म्हणाले. "मी लिहिलं होतं."

"थोडं घ्या."

"खरंच नको."

"भाकरी तेवढी घ्या, गरम आहे."

"बाई, मला नको आहे!"

इतक्या वेळा नको म्हणणारा पाहुणा म्हणजे फारच भुकेला, अशी आमच्याकडची समजूत. आत्यानं सरळ त्यांच्या डब्यातली बटाट्याची भाजी उचलून आम्हा सगळ्यांच्या ताटांत एकेक घास वाढली. "तुमचा आम्ही खातो, आमचा तुम्ही खा. फिटंफाट!" आता पेंडसे साहेबांच्या डब्यात नुसत्या पोळ्या उरल्या. त्यांनी रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं, मग केळफुलाच्या भाजीकडे. ती त्यांनी दोनदा मागून घेतली. पण हात धुऊन आल्यावर ते पुन्हा पत्रासारखे झाले.

"वाईट वाटून घेऊ नका. आमचा नियम आहे. मूळ स्थितीतलीच गाडी घ्यायची. ही आता मूळ स्थितीत नाही. मला ही घेता येणार नाही."

आई बाबांकडे पाहत होती. दिवाळी अगदी तोंडावर होती. बाबा उठले, आत गेले आणि खोबरं खवायची जुनी पितळी पट्टी घेऊन आले.

"साहेब, आम्ही चढवलंय ते आम्ही उतरवतो. तुम्ही बसा."

"अहो, नको! राहू द्या."

"त्यात काय!"

"खरंच नको, गाडी आणखी बिघडेल..."

पण 'नको' ऐकून थांबायची आम्हाला सवयच नव्हती! बाबांनी उजवी बाजू धरली, आत्यानं डावी. पास्कलकाका आपलंच टोक आपल्याच करवतीनं कापू लागले आणि कापताना मुलगी सासरी धाडल्यासारखे उसासे टाकू लागले. मी गुलाब उपटले. नावापाशी येऊन बाबांचा हात अडला. तर आईनंच त्यांच्या हातातली पट्टी घेतली. "नाव काय चाटायचंय? मला पापडीला जायचंय!" म्हणाली आणि खसाखसा स्वतःचं नाव खरवडून काढलं.

रंग ओलाच होता. त्यात खाली वर्षानुवर्षांचं दिवाळीचं तेल मुरलेलं. निळे पापुद्रे सालीसारखे सुटून येऊ लागले आणि खालून पिवळा रंग दिसू लागला. जुना, फिका, पण मूळचा! पेंडसे साहेब आधी लांबून ओरडत होते, "पितळ नको, ओरखडे येतील! लाकूड घ्या, लाकूड!" मग जवळ येऊन ओरडू लागले. मग त्यांनी बाह्या वर केल्या, बाबांच्या हातातून लाकडी पट्टी हिसकावली आणि म्हणाले, "सरका तुम्ही. हे दार मी साच्यातून काढलंय. नवा लागलो होतो तेव्हा." संध्याकाळी निघताना त्यांचा पांढरा शर्ट निळा झाला होता. चिन्ह त्यांनी पिशवीत टाकलं, गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मालकांशी बोलतो. कळवतो."

रिक्षा गेली आणि बाबा ओट्यावर मटकन बसले.

"कळवतो म्हणाले."

"हो," आई म्हणाली.

आता मुलगी बघून गेलेले लोक 'कळवतो' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. मी पदवीच्या जोरावर काही वेगळा अर्थ निघतो का ते पाहिलं. निघाला नाही.

धनत्रयोदशीपर्यंत पत्र आलं नाही. आईनं विषय काढला नाही. उलट ती म्हणाली, "राहू दे अजून थोडे दिवस." पण बाबा शब्दाचे पक्के. ते स्वतः जाऊन भंगारवाल्याला घेऊन आले. त्यानं दोन्ही दारं आणि बॉनेट हातगाडीवर चढवलं. बाबा विहिरीकडे तोंड करून उभे राहिले. आणि वाडीच्या वाटेनं एक टेम्पो हॉर्न वाजवत आत शिरला! पुढच्या सीटवर पेंडसे साहेब.

"थांबा! हे काय चाललंय?"

"तुम्ही 'कळवतो' म्हणालात..." मी म्हणालो.

"मग? मालक हो म्हणाले, तसं पत्र टाकलंय मी. पत्राच्या आधी मी पोचलो, त्याला मी काय करू?"

"म्हणजे तुम्ही खरंच कळवणार होता?"

पेंडसे साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाबांना विचारलं, "हाच का तो दुसरा आलेला?"

आता भंगारवाला दारं परत देईना. एकदा चढवलेला माल उतरवणं त्याच्या धंद्यात अपशकुन होता म्हणे. आत्यानं फराळाचं ताट आणलं. "नको, नको," भंगारवाला म्हणाला आणि चकली उचलली. लाडूपर्यंत त्यानं बॉनेट सोडलं, करंजीपर्यंत दोन्ही दारं. पेंडसे साहेब हे अगदी लक्ष देऊन पाहत होते. मग आत्यानं त्यांच्यापुढे ताट धरलं. "नको," ते म्हणाले, क्षणभर थांबले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "...म्हणजे, द्या."

गाडी पावसाच्या आधी परत आली. काय सांगू! हळदीसारखी पिवळी, आरशासारखे बंपर, नाक मूळचं बसकं आणि त्यावर ते चिन्ह. किल्ली फिरवली की पोटातून वाघासारखी गुरगुरायची. अख्खं गिरीज बघायला लोटलं. बाबांनी किल्ली आईच्या हातात दिली, आईनं माझ्या. आणि तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. गाडी मी शिकून चालवली, तर उरते एक सीट! इतकी वर्षं दारात गाडी उभी. कोणाच्याही डोक्यात हा हिशेब आला नव्हता. माझ्या तर नाहीच, आणि मी कॉमर्सचा!

"तू बस," बाबा म्हणाले.

"तुम्हीच बसा," आई म्हणाली.

"तुला नेतो म्हणालो होतो. म्हणजे मीच नेणार," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले. नातवंडं खेळवायच्या वयात! मीही घातलं. परीक्षेला आम्ही बापलेक एकत्र गेलो. बाबा पास झाले. माझी गाडी रिव्हर्समध्ये परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या खुर्चीच्या दिशेनं गेली, एवढंच सांगतो.

तर अखेर तो दिवस उजाडला. आईनं ठेवणीतली साडी नेसली, केसांत अबोली माळली. बाबांनी धुतलेला सदरा घातला. गाडीची तयारी पूर्णपणे माझ्याकडे होती. मी तिला पुसलं, हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आई-बाबा बसले. गाडी गुरगुरली आणि वाडीच्या वाटेनं डौलात निघाली. मी मागून सायकलवर. लोक हात हलवत होते. आईही हात हलवत होती. इतकी वर्षं आम्ही तिला नुसती रागावलेली पाहत होतो. ती इतकी हसू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

गिरीज सोडून जरा पुढे गेल्यावर गाडीनं एक उचकी दिली आणि थांबली.

"काय झालं रे?" बाबा मागे वळून म्हणाले. "पेट्रोल किती भरलंस?"

हार, लिंबू, नारळ सगळं मी आठवणीनं आणलं होतं.

"उतरू का रे?" आईनं विचारलं.

"तू मुळीच उतरायचं नाहीस," बाबा म्हणाले. "पापडीला तुला गाडीतूनच नेणार!"

आणि नेलंच त्यांनी! मावशीच्या दारापर्यंत! आई शेवटपर्यंत हात हलवत होती. लोक आजही मला विचारतात, तुमच्याकडे स्पोर्ट्स कार होती म्हणे, तुम्ही कधी तिच्यातून गेलात का? मी खरं तेच सांगतो. तिच्यातून नाही गेलो. पण गिरीज ते पापडी मी तिच्याबरोबर गेलोय, दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवून, आणि त्या दिवशी तिचा जो काही वेग होता, तो सगळा माझा होता.